पोलिसांच्या बजेटमधून एक व्हॅन मागायची तर

महाराष्ट्रात नगरसेवकाकडे आपण नळाचं पाणी, खड्डे, कचऱ्याची गाडी अशी गाऱ्हाणी घेऊन जातो. पोलिसांबद्दल काही म्हणायला गेलात तर तो हात वर करतो, आणि त्यात त्याची चूक नसते. पोलीस राज्याच्या गृहखात्याचे. महापालिकेच्या स्थायी समितीत हवालदाराच्या पगाराचा विषय निघतच नाही. अमेरिकेत येऊन स्थिरावलेल्या आपल्यातल्या पुष्कळांच्या डोक्यात हेच चित्र कायम असतं. माझ्याही होतं. कॅलिफोर्नियात दहा वर्षं ग्रीन कार्डाची वाट बघण्यात, घराच्या हप्त्यांत आणि मुलांना पोहायच्या क्लासला सोडण्या-आणण्यात गेली, तेव्हा कुठे कळलं की इथे पोलीस खातं गावाचं असतं. पगार, गाड्या, ओव्हरटाइम, सगळं मंजूर करतात ती सिटी कौन्सिलची पाच-सात माणसं, म्हणजे बागा आणि रस्त्यावरचे दिवे मंजूर करणारी तीच मंडळी. देशभरात लहानमोठ्या मिळून सुमारे 18 हजार पोलीस यंत्रणा आहेत. त्यांतल्या बहुतेकींचं बजेट कुठल्या तरी सभागृहात, एखाद्या मंगळवारी संध्याकाळी, जवळजवळ रिकाम्या खुर्च्यांसमोर मंजूर होतं.

त्या खुर्च्यांवर जाऊन बसायचं आणि पोलिसांवरचा काही पैसा मानसिक आरोग्य, तरुणांचे कार्यक्रम, बेघरांना मदत अशा सेवांकडे वळवा असं सांगायचं, तर काय काय करावं लागतं, ते इथे लिहितेय. अनुभव कॅलिफोर्नियाचा आहे. इतर राज्यांत जिथे मोठा फरक पडतो, तिथे तसं सांगेन.

आपला काय संबंध?

हा प्रश्न मंडळाच्या गणपतीत मला हमखास विचारला जातो. मी एकच प्रसंग सांगते. 6 फेब्रुवारी 2015, अलाबामातलं मॅडिसन. मुलाकडे, लहानग्या नातवाला सांभाळायला गुजरातहून नुकतेच आलेले एक आजोबा सकाळी घराजवळ फेरफटका मारत होते. कुणी अनोळखी माणूस फिरतोय म्हणून शेजाऱ्याने फोन केला. पोलीस आले. आजोबांना आपल्याला इंग्रजी येत नाही, एवढंच कसंबसं सांगता आलं. थोड्याच वेळात एका अधिकाऱ्याने त्यांना जमिनीवर आपटलं. मानेला इजा होऊन त्यांचं अंग अंशतः लुळं पडलं. खटल्यात ज्यूरीचं दोनदा एकमत झालं नाही आणि जानेवारी 2016 मध्ये न्यायाधीशांनी त्या अधिकाऱ्याला निर्दोष सोडलं.

माझे बाबा दर उन्हाळ्यात येतात आणि जूनमध्येही माकडटोपी घालून साडेसहाला फिरायला निघतात. गेटेड वस्तीत माकडटोपी घातलेला म्हातारा बघून कोणी फोन केलाच, तर दारात कोण यावं, हा शेवटी बजेटचा प्रश्न आहे.

आधी पैसा कोणाच्या हातात आहे ते शोधा

हे वाटतं तितकं सरळ नाही. सनीव्हेलमध्ये पोलीस आणि अग्निशमन दल एकच आहे; तिथला अधिकारी दोन्ही कामं शिकलेला असतो. कूपर्टिनोला स्वतःचे पोलीसच नाहीत, ते सांता क्लारा काउंटीच्या (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी) शेरीफकडून, म्हणजे काउंटीच्या पोलीस प्रमुखाकडून, कंत्राटाने सेवा घेतात. शाळेतला पोलीस अधिकारी हा तिसराच प्रकार. त्याबाबत बोलायचं तर स्कूल बोर्डाकडे, म्हणजे सरकारी शाळा चालवणाऱ्या मंडळाकडे, जावं लागतं. ओकलंडच्या स्कूल बोर्डाने जून 2020 मध्ये स्वतःचं शालेय पोलीस खातं बंद केलं, त्यात सिटी कौन्सिलचा हात नव्हता.

सगळ्यात मोठी गोम अशी, की कॅलिफोर्नियात मानसिक आरोग्याची जबाबदारी मुख्यतः काउंटीची आहे आणि पोलीस शहराचे. तुम्ही कौन्सिलकडे संकटकाळी धावणारं आरोग्य पथक मागितलंत, की पहिलं उत्तर येतं, ‘हा काउंटीचा विषय आहे.’ काउंटीकडे गेलात तर तिथे ऐकू येतं, ‘911 चे (आणीबाणीचे) फोन शहर घेतं.’ या टोलवाटोलवीची तयारी घरूनच करून जा. सांता क्लारा काउंटीत नोव्हेंबर 2022 पासून ‘ट्रस्ट’ नावाची फिरती पथकं आहेत, ती 988 वर, म्हणजे मानसिक संकटाच्या हेल्पलाइनवर, फोन केल्यावर मिळतात. असं काही तुमच्या काउंटीत आधीच असेल तर मागणी बदलते: नवीन काही उभं करू नका, आपल्या 911 केंद्रातून फोन तिकडे वळवण्याची सोय करा आणि तिसऱ्या पाळीसाठी पैसे द्या. ही मागणी स्वस्त पडते आणि नाही म्हणायला अवघड जाते.

वरातीमागून घोडं

माझी पहिली फजिती इथे झाली. 2020 च्या मे महिन्यात मिनियापोलिसमध्ये पोलिसांच्या हातून जॉर्ज फ्लॉइड यांचा मृत्यू झाला आणि गावोगाव लोक कौन्सिलच्या सभांना लोटले. मीही जूनच्या तिसऱ्या आठवड्यात झूमवर हात वर करून चार तास बसले. माझा नंबर लागला तेव्हा रात्रीचे बारा वाजून गेले होते आणि प्रत्येकाला बोलायला मिळणाऱ्या तीन मिनिटांचं एक मिनिट झालं होतं. आमच्या गावच्या महापौरबाईंनी शांतपणे ऐकलं आणि पंधरा मिनिटांनी बजेट जसंच्या तसं मंजूर केलं. मला राग आला, पण नंतर कळलं की त्या रात्री त्यांच्या हातात बदलण्यासारखं फार काही उरलंच नव्हतं.

कॅलिफोर्नियातल्या बहुतेक शहरांचं आर्थिक वर्ष 1 जुलैला सुरू होतं. जूनमध्ये होते ती मंजुरी. सिटी मॅनेजर, म्हणजे शहराचा कारभार बघणारा नेमलेला अधिकारी, आपला मसुदा एप्रिलच्या शेवटी किंवा मेमध्ये मांडतो, आणि त्याआधी जानेवारी-फेब्रुवारीत कौन्सिलची एक कार्यशाळा होते, ज्यात वर्षाचे प्राधान्यक्रम ठरतात. ही सभा बहुधा शनिवारी सकाळी असते, टीव्हीवर दिसत नाही, कॉफी आणि बेगल ठेवलेले असतात आणि जनतेतून सात-आठ माणसं आलेली असतात. जायचं ते तिथे. न्यू जर्सीतल्या बहुतेक गावांचं वर्ष जानेवारीत सुरू होतं पण बजेट मांडलं जातं फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास. टेक्सासच्या शहरांचं वर्ष ऑक्टोबरपासून, म्हणजे तिथे उन्हाळाभर काम करावं लागतं.

कॅलिफोर्नियाच्या 1953 च्या ब्राउन ॲक्टनुसार, म्हणजे खुल्या सभांच्या कायद्यानुसार, नियमित सभेचा अजेंडा निदान 72 तास आधी लावावा लागतो. न्यू जर्सीत ही मुदत 48 तासांची आहे. शहराच्या साइटवर ईमेल नोंदवून ठेवलीत की अजेंडा आपोआप येतो.

बजेटचं पुस्तक

तीन-चारशे पानांची पीडीएफ उघडली की घाबरायला होतं. सगळं वाचायचं नाही. आधी ‘जनरल फंड’ शोधा. पाणी, सांडपाणी, कचरा यांचे पैसे वेगळ्या फंडांत बांधलेले असतात, त्यांना हात लावता येत नाही. कौन्सिलला मोकळेपणी फिरवता येतो तो जनरल फंडच, आणि अनेक शहरांत त्याचा पाव ते तिसरा हिस्सा एकट्या पोलिसांवर जातो. शहराच्या एकूण बजेटशी तुलना केलीत तर पोलिसांचा वाटा फसवा, लहान दिसतो. आकडा सांगताना कशाच्या तुलनेत सांगताय ते नीट म्हणा, नाहीतर फायनान्स डायरेक्टर नम्रपणे तुमची चूक दाखवून देतो आणि मग तुमचं पुढचं कोणी ऐकत नाही.

मग पोलिसांचं प्रकरण उघडा. बहुतेक खर्च पगार, पेन्शन आणि आरोग्यविम्याचा असतो. लोक हेल्मेट, चिलखती गाड्या, ड्रोन यांवर बोलतात; ते डोळ्यांत भरतं, पण त्यात रक्कम थोडी असते. मी दोन जागी पेन्सिल लावते. एक, मंजूर पदं किती आणि प्रत्यक्ष भरलेली किती. दोन, ओव्हरटाइमसाठी ठरवलेले किती आणि गेल्या वर्षी खरोखर खर्च झालेले किती. हल्ली अनेक खात्यांना माणसं मिळत नाहीत. पद रिकामं राहतं, त्याचा पगार बजेटमध्ये मात्र बसलेला असतो, आणि वर्षअखेर तो ओव्हरटाइममध्ये जिरतो. वळवण्याजोगा पैसा बहुतेक वेळा इथेच सापडतो, कारण यात कोणाची नोकरी जात नाही. पगारवाढीला मात्र हात घालायला जाऊ नका. ती पोलीस युनियनबरोबरच्या काही वर्षांच्या करारात ठरलेली असते आणि कराराच्या मध्यावर कौन्सिलला ती मोडता येत नाही.

दुसरा कागद बजेटमध्ये नसतो, तो मागावा लागतो: वर्षभरात आलेल्या फोनची प्रकारवार यादी. पब्लिक रेकॉर्ड्स ॲक्टखाली (आपल्या माहिती अधिकारासारखा कायदा) एक ईमेल पुरते, वकील लागत नाही. कॅलिफोर्नियात माहिती देणार की नाही हे त्यांना 10 दिवसांत सांगावं लागतं, फारतर आणखी 14 दिवस मागता येतात. यादी आली की एका संध्याकाळी चहा घेऊन बसा. खोटे वाजलेले अलार्म, मोठ्याने वाजणारं संगीत, भटका कुत्रा, पार्किंगवरून भांडण, आणि ‘वेल्फेअर चेक’, म्हणजे अमुक माणूस ठीक आहे ना जरा बघा. 2020 मध्ये काही शहरांच्या अशा नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा पोलिसांचा हिंसक गुन्ह्यांवर जाणारा वेळ 4 टक्क्यांच्या आसपास निघाला. तुमच्या गावचा आकडा तुम्ही काढा. दुसऱ्या शहराच्या आकड्याला कौन्सिलमध्ये फारशी किंमत नसते.

काय मागायचं

इथे माझं मत स्पष्ट आहे आणि चळवळीतल्या माझ्या तरुण मित्रांना ते आवडत नाही. ‘डिफंड’, म्हणजे पोलिसांचा पैसा काढून घ्या, हा शब्द माइकवर वापरू नका. मिनियापोलिसमध्ये जून 2020 ला कौन्सिलच्या नऊ सदस्यांनी एका उद्यानात, लोकांसमोर, पोलीस खातं मोडीत काढण्याची शपथ घेतली. नोव्हेंबर 2021 मध्ये त्या जागी नवं खातं आणण्याचा प्रश्न मतदारांपुढे गेला आणि सुमारे 56 टक्क्यांनी तो फेटाळला. पण त्याच कौन्सिलने डिसेंबर 2020 मध्ये पोलिसांच्या बजेटमधून जवळपास 80 लाख डॉलर हिंसाप्रतिबंधक कामाकडे आणि मानसिक आरोग्य पथकांकडे वळवले होते, आणि ती पथकं मतदानानंतर महिन्याभरात, डिसेंबर 2021 मध्ये, रस्त्यावर उतरली. घोषणा पडली, व्हॅन सुरू झाली.

ऑस्टिनची कथा उलटी. तिथे ऑगस्ट 2020 मध्ये पोलिसांच्या बजेटमधून सुमारे 15 कोटी डॉलर, म्हणजे तिसरा हिस्सा, काढण्याचं ठरलं. त्यातले बरेचसे नुसते एका खात्यातून दुसऱ्या खात्यात हलवायचे होते, पण मथळा झाला तो झाला. पुढच्याच वर्षी टेक्सासने कायदा केला: अडीच लाखांहून जास्त वस्तीच्या शहराने पोलिसांचं बजेट घटवलं तर राज्य त्याच्या कर आकारण्यावर बंधनं घालणार. ऑस्टिनने पैसे परत केले, वर भर घालून. जॉर्जियातही 2021 पासून वर्षाला 5 टक्क्यांहून जास्त कपात करण्यावर बंधन आहे. डॅलस, ह्यूस्टन, अटलांटा अशा ठिकाणी राहत असाल तर कपात मागून उपयोग नाही. वाढीव पैशातला वाटा मागा. ऑस्टिनमध्ये एक गोष्ट मात्र टिकली. 911 वर फोन केल्यावर पोलीस, अग्निशमन, ॲम्ब्युलन्स यांच्याबरोबर चौथा पर्याय विचारतात, मानसिक आरोग्याचा.

दाखला द्यायचाच तर डेन्व्हरचा द्या. जून 2020 मध्ये, पोलिसांऐवजी पाठवायला, एक व्हॅन, एक समुपदेशक, एक पॅरामेडिक. पहिल्या सहा महिन्यांत 748 फोन घेतले, एकही अटक झाली नाही. व्हॅन फिरत होती त्या भागांत किरकोळ गुन्ह्यांच्या नोंदी 34 टक्क्यांनी घटल्या, असं स्टॅनफर्डच्या संशोधकांनी 2022 मध्ये मांडलं. पण हेही लक्षात असू द्या, की डेन्व्हरने सुरुवात पोलिसांचा पैसा कापून केली नव्हती. मतदारांनी 2018 मध्ये मानसिक आरोग्यासाठी मंजूर केलेल्या विक्रीकरातून ते पैसे आले. चाणाक्ष सदस्य हे विचारेल.

आणि ऑरेगनमधल्या यूजीनचं ‘कहूट्स’? संकटकाळी पोलिसांऐवजी धावणारं पथक, 1989 पासून चाललेला हा सगळ्यांचा आदर्श. वर्षाला सुमारे 21 लाख डॉलरमध्ये चाललेलं काम, जेव्हा त्या परिसरातल्या दोन शहरांच्या पोलिसांवर 9 कोटींच्या घरात खर्च होत होता. एप्रिल 2025 मध्ये यूजीनमधली ती सेवा पैशांअभावी बंद पडली. ती चालवणारी संस्था बाहेरची होती आणि दरवर्षी कंत्राटावर जगत होती. म्हणून मी आता म्हणते, पथक शहराच्याच एखाद्या खात्यात बसवा. अल्बुकर्कीने पोलीस आणि अग्निशमनाच्या बरोबरीने तिसरं स्वतंत्र खातंच काढलंय.

मागणी एका वाक्यात बसली पाहिजे: इतक्या रिकाम्या पदांचा पगार, इतक्या डॉलरचा, अमुक खात्यात, अमुक प्रकारच्या फोनसाठी. दोन वाक्यं लागली तर ती अजून तयार नाही.

सदस्याला भेटताना

वीस मिनिटांची वेळ ईमेलवर सहज मिळते. आपल्याकडे साहेबाच्या केबिनबाहेर बसायची सवय असलेल्यांना आश्चर्य वाटेल, पण आमच्या भागातला सदस्य दिवसा नोकरी करतो आणि भेटतो तो किराणा दुकानाशेजारच्या कॉफीच्या टपरीवजा दुकानात. एका पानाचं टिपण द्या, जास्त नको. पाच जणांच्या कौन्सिलमधल्या तिघांना एकत्र भेटायला बोलावू नका. बहुमताने खाजगीत चर्चा करायला ब्राउन ॲक्टची मनाई आहे. एकाचं मत दुसऱ्याच्या कानावर घालत फिरणंही त्याच नियमात अडकतं.

पोलीस प्रमुखांनाही भेटा. हे मी उशिरा शिकले. आमच्याकडच्या अधिकाऱ्यांनी स्वतःहून सांगितलं, की मनोरुग्णाबरोबर इस्पितळाच्या इमर्जन्सीत तासन्‌तास बसून राहणं त्यांनाही नको असतं. सभेत प्रमुखाने नुसतं ‘आमचा विरोध नाही’ म्हटलं तरी दोन मतं फिरतात.

माइकवरचं एक मिनिट

तयारी तीन मिनिटांची करा आणि एका मिनिटाची वेगळी लिहून ठेवा. गर्दी असली की अध्यक्ष वेळ कापतात, आणि मग लोक तीन मिनिटांचं भाषण घाईघाईने वाचू लागतात. मधेच लाल दिवा लागतो आणि मागणी राहूनच जाते. मागणी पहिल्या तीन वाक्यांत येऊ द्या. माझ्या एका मिनिटाचा साचा साधारण असा असतो, अर्थात बोलते इंग्रजीत:

‘नमस्कार. मी या गावात अकरा वर्षं राहते. आयटम सातवर बोलतेय. पोलीस खात्यातल्या सहा रिकाम्या पदांपैकी दोन पदांचा पगार संकटपथकाकडे वळवावा, अशी माझी विनंती आहे. माझ्या वडिलांना इंग्रजी येत नाही. फिरताना रस्ता चुकून ते कुणाच्या अंगणात थांबले, तर तो फोन वेल्फेअर चेक म्हणून नोंदला जाईल आणि कमरेला पिस्तूल असलेला अधिकारी येईल. गेल्या वर्षी असे किती फोन आले, त्याचा तक्ता मी क्लार्ककडे दिला आहे. यात एकाही अधिकाऱ्याची नोकरी जात नाही.’

आयटमचा क्रमांक विसरू नका. अजेंड्यावर नसलेल्या विषयावर तुम्ही बोलू शकता, पण त्या रात्री कौन्सिल त्यावर निर्णय घेऊ शकत नाही.

एक तरतूद मला फार आवडते. कॅलिफोर्नियात भाषणाला वेळेची मर्यादा असेल, तर दुभाष्यामार्फत बोलणाऱ्याला निदान दुप्पट वेळ द्यावा लागतो. गेल्या वर्षी आमच्या शेजारच्या आजी मराठीत बोलल्या. त्यांची नात वाक्यावाक्याला थांबून इंग्रजी करत होती. आजी म्हणाल्या, ‘माझ्या सुनेला बाळंतपणानंतर त्रास झाला, घरात ओरडाआरडा झाला. मी घाबरून फोन केला, तर दारात तीन बंदूकवाले उभे.’ नातीने ‘बंदूकवाले’चं ‘ऑफिसर्स’ असं केलं. आजींनी तिचा दंड धरला आणि बंदुकीची खूण करून दाखवली. मघापासून फोनमध्ये बघणाऱ्या एका सदस्याने मान वर केली.

आपल्यातलेच विरोधक

खरी वादावादी कौन्सिलमध्ये होत नाही, ती मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर होते. भारतीयांच्या घरांत सोनं असतं हे चोरांना माहीत आहे, आणि दिवाळीच्या सुमारास घरं फोडल्याच्या बातम्या येतातच. माझ्या ओळखीच्या एका बाईंचं मंगळसूत्र आणि आईच्या पाटल्या गेल्या. तिला ‘पोलिसांचा पैसा काढा’ म्हणणं हे जखमेवर मीठ आहे. तिच्याशी मी एवढंच बोलले: तू फोन केलास तेव्हा ते दीड तासाने आले, त्या वेळी ते कुठे होते? यादी काढून बघितली. त्या संध्याकाळच्या नोंदींत खोटे अलार्म होते, एक वेल्फेअर चेक होता आणि बसथांब्यावर स्वतःशीच बोलणारा एक माणूस. ती सभेला आली नाही, पण तिने ईमेल पाठवली. ईमेलही अधिकृत नोंदीत जाते.

व्हिसावर असाल तर

एच-1बी, एच-4, एफ-1, कुणीही सभेत बोलू शकतं. नागरिकत्व कोणी विचारत नाही, आणि कॅलिफोर्नियात सभेला नुसतं हजर राहायला नाव लिहून देण्याचीही सक्ती करता येत नाही. मात्र ग्रीन कार्ड नसताना कुठल्याही उमेदवाराला देणगी देऊ नका, अगदी गावच्या कौन्सिलच्या उमेदवारालाही नाही. तो केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. मतपत्रिकेवर प्रश्न आणण्याच्या अर्जावर सही चालते ती फक्त नोंदणीकृत मतदाराची. बोलण्याच्या ओघात ‘मी तुमची मतदार आहे’ असं म्हणून जाऊ नका. रहिवासी म्हणा. आणि मोर्चात अटक होण्यापर्यंत गोष्ट जाईल अशी शंका आली तर घरी जा. तुमचं काम त्या शनिवारच्या बेगलवाल्या सभेत आहे.

मंजुरीनंतर

आमचे पैसे दुसऱ्या वर्षी मंजूर झाले. मागितले त्याच्या निम्मे. पुढच्या फेब्रुवारीत अर्धवार्षिक आढावा आला, तो मी सहज उघडला, तर त्या ओळीपुढे खर्च शून्य. पद निर्माण केलं होतं, पण त्याची जाहिरात दिलीच नव्हती. खर्च न झालेले पैसे वर्षअखेर बहुधा जनरल फंडात परत जातात आणि मग ‘मागणीच नव्हती’ असं म्हणायला सगळे मोकळे. त्या मंगळवारी मी स्पीकर कार्ड, म्हणजे सभेत बोलायची चिठ्ठी, भरलं, आयटम चार, आणि एकच प्रश्न विचारला: जाहिरात कधी निघणार? सिटी मॅनेजरने तारीख सांगितली. ती मी फ्रिजवरच्या कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाशेजारी लिहून ठेवली आहे.